फेवाइल्डमधला मेंबर्स ओन्ली नाइटक्लब: पोरांना आत कसं सोडू?

फासेवाला
मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळणारे आणि खेळवणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतोय. आमचा रविवारचा ग्रुप आहे, पाच प्लेयर्स, सगळे सातव्या लेव्हलला. गोष्ट आता फेवाइल्डात, म्हणजे खेळातल्या पऱ्यांच्या दुनियेत शिरलीये आणि पुढचा टप्पा आहे एक नाइटक्लब. नाव 'काजवा'. दिवस मावळला की एका पडक्या पाणचक्कीमागे दार दिसतं, उजाडलं की तिथे नुसती भिंत. आत फक्त मेंबर. मालकीण एक फे, म्हणजे परी जमातीतली बाई आहे, तिला सगळे नुसतं बाईसाहेब म्हणतात, खरं नाव कुणाला ठाऊक नाही. आमच्या बार्डने (गाण्यातून जादू करणारं पात्र) एका सौद्यात आपला गाण्याचा आवाज घालवलाय आणि तोच आवाज लावून काजव्याच्या स्टेजवर एक दुसरीच बाई रोज गाते. तर तो परत आणायचा, बस.

आता गंमत अशी की दारापाशी सगळं अडतंय. परसुएजनचा (समजूत घालण्याचा) एक रोल लावला, म्हणजे फासा टाकायला लावला आणि पडला तर काय, सगळे बाहेर गवतात बसणार? आमचा वॉरलॉक (हाही जादूवालाच) डिस्गाइज सेल्फ हा रूप बदलायचा स्पेल टाकून कुणाचंही तोंड घेऊन सरळ चालत जाईल ते वेगळंच. मेंबरशिपची किंमत सोन्यात ठेवली तर यांच्याकडे ड्रॅगनचं घबाड पडलंय, ते फेकतील. आणि आत गेल्यावर 'इथे बार आहे, तिथे एल्फ नाचतायत' याच्यापुढे माझं वर्णन जात नाही, कारण मी आयुष्यात नाइटक्लबात गेलेलो नाही, आमची धाव बँड लावलेल्या वरातीपर्यंत. सुचवा काहीतरी.

चिंचपोकळीचा चेटक्या
दारावर पुण्याचा दुकानदार बसवा. "मेंबरशिप संपली, उद्या या." मिटला विषय.

रागिणी_डी२०
@चेटक्या, हा विनोद आता पेन्शनीत निघालाय हो. पुढे बोला.

तात्या टोके
हे डी अँड डी म्हणजे नक्की काय प्रकरण आहे? आमचे चिरंजीव रात्री हेडफोन लावून "मी दार तोडतो" म्हणून ओरडत असतात. काळजी करावी का?

निशाचर नागपूरकर
तात्या, एकजण गोष्ट चालवतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते सांगतात, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन जोडीने १९७४ साली काढलेला खेळ आहे. चिरंजीव ठीक आहेत. दार खरंच तुटलं तर बघू.

बे एरिया बंड्या
फासेवाले, तुमचं दार ही अडचण नाहीये, तुम्ही त्याच्यावर एकच फासा टांगलाय ही अडचण आहे. ज्याच्यावाचून गोष्ट पुढे जात नाही ते कधीच एका रोलवर ठेवायचं नाही. आत जाणार हे नक्की ठेवा, *कसे* जाणार ते त्यांना ठरवू द्या आणि प्रत्येक वाटेने आत वेगळी पीडा लागू द्या. मेंबरचे पाहुणे म्हणून गेलात तर तुमच्या प्रत्येक वेडेपणाचा जाब त्या मेंबरला द्यावा लागणार. मुंबईतल्या जुन्या जिमखान्यांत आजही पाहुण्याचं नाव वहीत लिहायचं आणि बिल मेंबरच्या नावावर, तसंच. मग तुमचा बार्बेरियन टेबल फोडायला उठला की तो बिचारा मेंबर डोळ्यांदेखत घामाघूम होतोय हे दाखवा, प्लेयर्सना आपोआप दडपण येतं. वेटर म्हणून शिरलात तर सगळीकडे फिरता येतं पण बसता येत नाही आणि कुणाशी वर तोंड करून बोलता येत नाही. मेंबर झालात तर सगळं मोकळं, पण काहीतरी कायमचं गेलं. परसुएजनचा रोल ठेवा की, फक्त तो पडला तर 'प्रवेश नाही' असं नको, 'प्रवेश आहे पण बाउन्सरने तुमची एक वस्तू ठेवून घेतली' असं.

डिस्गाइज सेल्फचं औषध त्या स्पेलमध्येच आहे. तो फक्त डोळ्यांना फसवतो, हाताला नाही. उंची फार तर फूटभर कमीजास्त होते, वेळ एक तास. तेव्हा दारावर मनगटावर शिक्का मारायची पद्धत ठेवा. हडकुळा वॉरलॉक जाड्या बौन्याचं सोंग घेऊन आला की बाउन्सर शिक्का टेकवतो आणि तो शिक्का गुबगुबीत मनगटातून आरपार जाऊन दोन बोटं आत खऱ्या हाडावर बसतो. बाउन्सर वर बघतो, हे खाली बघतात. इथे थांबा आणि प्लेयरकडे बघून विचारा, आता काय करतोस?

फासेवाला
बंड्याभाऊ, शिक्क्याला दंडवत. पण आमच्या वॉरलॉककडे मास्क ऑफ मेनी फेसेस आहे, म्हणजे तोच स्पेल हवा तितक्या वेळा, तो तास संपला की पुन्हा टाकेल.

बे एरिया बंड्या
टाकू दे. टाकताना मंत्र पुटपुटावा लागतो, हातवारे करावे लागतात. गर्दीच्या डान्स फ्लोअरवर कुठे करणार? संडासात. तर संडासात आधीच कुणीतरी हवं.

नियमपुस्तक नाना
एक शंका. आवाज गेलेला बार्ड स्पेल कसे टाकतो? व्हर्बल कंपोनंट, म्हणजे मंत्र तोंडाने म्हणणं, त्याचं काय?

फासेवाला
नाना, गाण्याचा गेलाय, बोलण्याचा शाबूत आहे. सौदा लिहितानाच तुमची आठवण ठेवली होती.

नियमपुस्तक नाना
मग ठीक. आता जागेबद्दल. एवढा खटाटोप कशाला, तयार क्लब पुस्तकातच आहे. मॉर्डेनकायनेन्स मॅग्निफिसंट मॅन्शन, सातव्या लेव्हलचा स्पेल. हवेत चकाकणारं दार येतं, आत टाकणारा म्हणेल त्यालाच प्रवेश, म्हणजे मेंबर्स ओन्ली झालंच. शंभर जणांना पुरेल एवढं नऊ कोर्सांचं जेवण, शंभर अर्धपारदर्शक नोकर. चालतं चोवीस तास. आणि खरी मजा पुढे आहे: आतली वस्तू बाहेर नेली की धूर होतो, आणि २०१४च्या नियमांप्रमाणे वेळ संपली की आतले सगळे दाराजवळच्या मोकळ्या जागेत फेकले जातात. म्हणजे बाईसाहेबांनी एक दिवस पुन्हा स्पेल टाकला नाही तर क्लबातली अख्खी गर्दी, हातातले प्याले धूर होत, तुमच्या पाणचक्कीमागच्या चिखलात.

रागिणी_डी२०
हे मी चोरणार आहे. बाईसाहेबांना झोपवलं की क्लब रिकामा!

निशाचर नागपूरकर
आणि चोरलेला आवाज मॅन्शनचा नाही, बाहेरून आणलेला आहे, त्यामुळे त्याचा धूर होणार नाही. सगळं विरघळल्यावर जे खाली पडलेलं राहील तेच खरं. बार्डला शोधत बसायला नको.

फासेवाला
नाना, निशाचर, तुम्ही दोघांनी मिळून माझा क्लायमॅक्स लिहून दिलात की.

अजून_एक_सुनील
आत काय असतं ते विचारलंय म्हणून. बर्लिनला काही वर्षं होतो. तिथे बेर्गहाइन म्हणून क्लब आहे, जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत, २००४ पासून. दारात तासन्‌तास रांग, आणि कुणाला सोडतील कुणाला नाही याचा ठाव लागत नाही. आत फोटो अजिबात चालत नाहीत, दारावरच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. तुमच्या क्लबला हे उचला: शिरताना सगळ्यांच्या डोळ्यांवर नाही, *आठवणीवर* स्टिकर. आत पाहिलेलं बाहेर सांगता येत नाही, तोंड उघडलं की हवामानाबद्दलच बोललं जातं. आणि वर्णनाचं म्हणाल तर क्लब आधी ऐकू येतो, मग दिसतो. बाहेर असताना ठोका पायातून जाणवतो, आत गेल्यावर छातीत, आणि मग माणूस काय बोलतोय ते कानाशी तोंड नेल्याशिवाय कळत नाही. म्हणजे तुमच्या टेबलावर प्लेयर्सना एकमेकांशी कुजबुजायला लावा, डान्स फ्लोअरवर लांबून बोलायला परवानगीच नाही. एका झटक्यात वातावरण तयार होतं, एल्फांची वेणीफणी वर्णन करावी लागत नाही.

चिंचपोकळीचा चेटक्या
दारूचं परमिट विचारा दारावर. आपल्या राज्यात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली अजून परमिट लागतंच की, तेही तब्येत राखायला दारू लागते म्हणून. आणि वय २५ पूर्ण. आता एल्फ प्रौढ कधी होतो? पुस्तकात शंभरच्या आसपास लिहिलंय. तुमच्या ग्रुपात नव्वदीतला एल्फ असेल तर त्याला लिंबू सरबत द्या.

फासेवाला
आमचा रेंजर ९४ वर्षांचा एल्फ आहे. 😂 हे होणारच.

वनमाला
एवढं चाललंय आणि रेवतीची गोष्ट कुणालाच आठवली नाही? राजा ककुद्मी आपल्या मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकात गेला, हिच्यासाठी वर सुचवा म्हणून. तिथे गंधर्वांचं गाणं चाललं होतं. विष्णुपुराणात गाणाऱ्यांची नावंही आहेत, हाहा आणि हूहू. गाण्यात मध्येच बोलायचं कसं म्हणून बापलेक कार्यक्रम संपेपर्यंत थांबले. मग यादी पुढे केली तर ब्रह्मदेव हसले, अहो यातलं आता कुणीच नाही, नातवंडं-पतवंडंही नाहीत, भागवताच्या हिशेबाने सत्तावीस चतुर्युगं उलटली. खाली आले तो माणसं खुजी झालेली. शेवटी बलरामाशी लग्न लागलं, आणि रेवती फार उंच म्हणून त्याने नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्याएवढी केली. एका मैफिलीपायी. दुसऱ्या लोकातल्या क्लबात 'एकच गाणं ऐकून निघू' म्हणणाऱ्यांना याहून मोठी ताकीद नाही.

नियमपुस्तक नाना
वनमालाताई, सुरेख. फेवाइल्डला तर हा नियमच आहे, टाइम वॉर्प, ऐच्छिक. बाहेर पडताना डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायचा. ७ ते १३ आलं तर काही फरक नाही, १ किंवा २ आलं तर दिवसांची मिनिटं, १४ ते १७ दिवसांचे आठवडे, २० आलं की दिवसांची वर्षं.

रागिणी_डी२०
मला हा नियम अजिबात आवडत नाही. वीस आलं आणि ज्या गावासाठी आम्ही वर्षभर झटलो तिथे परतल्यावर सगळे म्हातारे? ते प्लेयरने ठरवलेलं नसतं, फाशाने लादलेलं असतं. रेवतीच्या बापाला कुणी बजावलं नव्हतं म्हणून ती गोष्ट आहे, टेबलावर बजावलंच पाहिजे.

निशाचर नागपूरकर
असहमत. न बजावता लागलेला फटका हाच फेवाइल्डचा स्वभाव. सगळं आधी सांगून टाकलं तर तो क्लब नाही, बँकेचं लॉकर झालं.

रागिणी_डी२०
निशाचर, तुमच्या टेबलावर कोण बसतं मग? 😀 मी म्हणते वेळ फाशावर न सोडता विकायची. कोटखोलीतली मुलगी तुमचा अंगरखा घेते आणि टोकन म्हणून एक छोटी मेणबत्ती देते. मेणबत्ती आहे तोवर आत-बाहेर वेळ सारखी. विझली की मीटर चालू. प्रत्येक गाणं ऐकत बसलात की डीएमने ती बोटभर कापायची. दिसतंय सगळ्यांना, बोंब मारायला जागा नाही, तरी कुणीतरी थांबतंच बघा.

निशाचर नागपूरकर
मेणबत्ती मान्य. तेवढ्यापुरती माघार.

देवगडचो झिलगो
आमच्याकडे पाणचक्की बिक्की लागत नाही हो, चकवा लागला की झालं. रात्री नेहमीच्या पाणंदीने निघालेला माणूस फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो, आजी सांगायची की अशा वेळी चालायचं थांबव आणि उजाडेपर्यंत एका जागी बस, आणि अवसेला वेताळाची फेरी निघते तेव्हा मशाली दिसतात, वाजंत्री ऐकू येतं, त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही आणि हाक आली तर ओ द्यायची नाही. आता विचार करा की चकवा लागलेला प्रत्येक माणूस खरं तर क्लबच्या दाराभोवती फिरत असतो, त्याला फक्त दार दिसत नाही, कारण त्याला आमंत्रण नाही. तुमच्या कॅम्पेनला, म्हणजे या चालू गोष्टीला, वेताळच घ्या की मालक म्हणून, बाईसाहेब कशाला, आपल्याकडे एवढं असताना परक्या पऱ्या नाचवायच्या.

शब्दप्रभू सदाशिव
+१. आपल्या मातीतलं घ्या.

बे एरिया बंड्या
इथे मी विरोधात. वेताळाचा क्लब करायचा तर तो वेगळा, अख्खा कॅम्पेन कोकणात करा, मी पहिला खेळायला येतो. पण फेवाइल्ड ज्या गोष्टींवरून उचललंय त्या ब्रिटन-आयर्लंडच्या, सीली आणि अनसीली हे पऱ्यांचे दरबार स्कॉटलंडचे, त्यांचे कायदे वेगळे. तिथे खाल्लं तर अडकलात, नाव दिलंत तर गुलाम झालात, उपकार मानलेत तरी देणं लागलात असं मानतात. वेताळाशी असा वकिली सौदा होत नाही, तो सरळ प्रश्न विचारतो आणि डोकं फोडायची धमकी देतो. दोन्ही एकाच ताटात कालवलं तर भेळ होईल, आणि भेळेत कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नाही.

देवगडचो झिलगो
वकिली सौदा नाही हे खरं. पण कोकणातली वकिली तुम्ही बघितली नाहीत. बरं, कोकण कॅम्पेन कधी?

सई_एम
विषयाला धरूनच, पण जरा वेगळं. नाइटक्लबचा सीन म्हटलं की काही टेबलांवर प्रत्येक एनपीसी (डीएमने चालवलेलं पात्र) बाईच्या कॅरेक्टरच्या गळ्यात पडायला लागतो. एका कॅफेत अनोळखी ग्रुपबरोबर खेळत होते, माझी रोग (rogue, चोर पात्र) कुलूप उघडायला गेली होती आणि तासभर दारुडे तिला "एकटी आलीस का" विचारत राहिले, डीएमला ते विनोदी वाटत होतं. मी पुढच्या वेळी गेले नाही. फेवाइल्डात तर चार्म आणि भुरळ घालणं पावलोपावली. तेव्हा सेशनच्या आधी पाच मिनिटं बोलून घ्या, काय चालेल काय नाही. टेबलावर एक्स काढलेलं कार्ड ठेवा, कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच कापून पुढे, कारण विचारायचं नाही. आणि कॅरेक्टरला भुरळ पडली तरी पुढे काय करायचं ते प्लेयरला विचारा, डीएमने परस्पर सांगू नका.

फासेवाला
सईताई, आभार. आमच्यात दोघी आहेत, त्यातली एक नवीन आहे. कार्ड ठेवतो, आणि ग्रुपवर आजच विचारून घेतो.

निशाचर नागपूरकर
अगदी. शिवाय क्लबात पिडायला दुसरे हजार मार्ग आहेत, बिल हा सगळ्यात भयानक.

अजून_एक_सुनील
चालवायला सोपं पडावं म्हणून अजून एक. ब्लेड्स इन द डार्क या खेळात 'क्लॉक' असतं, कागदावर गोल काढायचा, सहा फोडी करायच्या, गडबड झाली की एक फोड काळी करायची. टेबलाच्या मधोमध 'बाईसाहेबांचा संशय' असं लिहून ठेवा. सहावी फोड भरली की गाणं थांबतं आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. माणसं किती उभी करायची याची चिंता सोडा, चार पुरे: बाउन्सर, कोटखोलीतली मुलगी, आवाज लावून गाणारी, आणि जिला इथून निघायचंय पण निघता येत नाही अशी एक जुनी मेंबर. बाकी गर्दी म्हणजे आवाज.

तात्या टोके
मी चिरंजीवांना हा धागा दाखवला. तो म्हणतो गाणारी वाईट नसावी, तिलाही फसवलेलं असावं. आणि मेंबरशिपची किंमत काय ते अजून कुणी नीट सांगितलंच नाही असंही म्हणाला. पोरगं हुशार निघालं हो.

वनमाला
तात्या, त्याला इथे आणा. किंमत अशी हवी की ऐकताना क्षुल्लक वाटावी. तुझ्या आईच्या हातच्या एका पदार्थाची चव. तुला येणारी पहिली शिवी. दिवेलागणीनंतरची तुझी सावली. तुझं नाव पहिल्यांदा कुणी हाक मारून घेतलं ती आठवण. प्रत्येक कॅरेक्टरच्या कहाणीत असलेलंच काहीतरी मागा, आयतं पुस्तकातलं नको.

चिंचपोकळीचा चेटक्या
माझी घ्या, बायकोला दिलेली सगळी वचनं. मी मेंबर व्हायला तयार.

देवगडचो झिलगो
ती क्लब घेणार नाही. मोडकं सामान.

रागिणी_डी२०
दारावर पासवर्डऐवजी उखाणा ठेवा ना! बाउन्सर म्हणतो, नाव घ्या. फे लोकांत स्वतःचं नाव दिलं की संपलं, पण उखाण्यात माणूस *दुसऱ्याचं* नाव घेतो. ज्याला ही पळवाट सुचेल तो आत. हा घ्या नमुना:
सात डोंगरांपलीकडे काजव्यांचा गाव,
दार सोडशील तर सांगणार नाही बाईसाहेबांचं नाव.

बे एरिया बंड्या
आणि खरं नाव माहीत नसताना थाप मारलेली असेल तर? डिसेप्शनचा रोल. हा मात्र लावा. 😀

नियमपुस्तक नाना
भेळेला विरोध करणारे बंड्या उखाण्यावर गप्प कसे?

बे एरिया बंड्या
उखाणा प्लेयर म्हणतोय, क्लब नाही. प्लेयर मराठीच आहेत. (पळवाट मला पण काढता येते नाना.)

फासेवाला
काल झालं सेशन. लिहितो घाईत. उखाणा नव्या मुलीने घेतला, तिने चुलीवरच्या भाकरीपासून सुरुवात करून थेट बाउन्सरच्या आईपर्यंत नेला, तो इतका ओशाळला की फासा टाकायची गरज पडली नाही. वॉरलॉकचा शिक्का आरपार गेला, त्याने सरळ सांगितलं "मी आजारी आहे", बाउन्सरने त्याच्या अंगठ्या ठेवून घेतल्या. रेंजरला लिंबू सरबत मिळालं, तो अजून चिडलाय. मला वाटलं होतं पॅलाडिन मेंबर होणार नाही, पण तोच झाला. किंमत वनमालाताईंची, आईच्या हातची चव. त्याने आधी हसत "चालेल" म्हटलं, मग कोणता पदार्थ म्हणून विचारल्यावर थांबला, आणि म्हणाला, खिरीची नको, दुसरं काहीतरी घ्या. बाईसाहेब म्हणाल्या, खीरच.

क्लॉकच्या चार फोडी काळ्या आहेत, मेणबत्त्या अर्ध्यावर, आणि गाणारीशी बोलून झालंय. तात्यांच्या चिरंजीवांचं ऐकलं, ती फसलेलीच आहे. आता बार्ड म्हणते की आवाज तिच्याकडेच राहू दे, तिला बाहेर काढू. मी तयारी केली होती चोरीची, यांना करायचंय अपहरण. पुढच्या रविवारसाठी कुणी सुचवा: मॅन्शन कोसळल्यावर गाणारी ही बाईसाहेबांनीच स्पेलमधून घडवलेली निघाली तर तिचा धूर होईल का?

नियमपुस्तक नाना
नियमाने नोकर मॅन्शनबाहेर जाऊ शकत नाहीत आणि स्पेलने केलेली वस्तू बाहेर विरते. ती त्यांच्यातली असेल तर उत्तर सरळ आहे. पण तिच्या गळ्यात बार्डचा खरा आवाज आहे, आणि तो स्पेलचा नाही. यावर पुस्तक काहीच बोलत नाही, म्हणजे तुम्ही ठरवायचं. मात्र सेशन चालू व्हायच्या *आधी* ठरवून कागदावर लिहा आणि डीएमसमोर आडोशाला उभी असते त्या स्क्रीनच्या आतल्या बाजूला चिकटवा. बार्डचं तोंड बघून विरघळू नका.

रागिणी_डी२०
आणि मेणबत्ती संपायच्या आत एकदा तरी तिला अंगावर बोटभर धूर दिसू दे. बार्डला आधी कळलं पाहिजे, उगाच धक्का नको.

तात्या टोके
चिरंजीव विचारतात, तुमच्या ग्रुपात जागा आहे का.